मुलांना पंधरा मिनिटे द्या

मंडळाच्या गेल्या बैठकीत दिवाळीच्या कार्यक्रमाची आखणी चालू असताना आपल्या हायस्कूलमधल्या मुलांची विनंती पुढे आली. दोन जुने अभंग इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम्सच्या साथीने म्हणायचे, वेळ पंधरा मिनिटे. "अभंगाचा ऑर्केस्ट्रा नको," असे कोणीतरी म्हणाले आणि विषय तिथेच संपला. नको म्हणणाऱ्यांत माझाही हात वर होता. बाहेर पडताना त्यांच्यातली एक मुलगी मला म्हणाली, "काका, तुम्ही आमचं एकदा ऐकलंत तरी का?" ऐकले नव्हते.

घरी येताना मला 'अंकल टुपेलो' या बँडची आठवण झाली. पीएच.डी.च्या दिवसांत प्रयोगशाळेत रात्री जागताना मी त्यांची गाणी ऐकत असे.

सेंट लुईसहून मिसिसिपी नदी ओलांडली की इलिनॉय राज्यात बेलव्हिल हे गाव लागते. हा एके काळी कोळशाच्या खाणींचा परिसर. तिथल्या हायस्कूलमध्ये जे फरार आणि जेफ ट्वीडी यांची गट्टी जमली, ती पंक रॉकच्या वेडापायी. नावे बदलत बदलत १९८७ साली ड्रमर माइक हायडॉर्नसह 'अंकल टुपेलो' उभा राहिला. शेजारपाजाऱ्यांनी कान झाकून घ्यावेत असेच त्यांचे वाजवणे.

पण १९९० साली पहिला अल्बम आला, त्याचे नाव 'नो डिप्रेशन'. हे नाव कार्टर फॅमिलीने १९३६ साली, महामंदीच्या काळात, ध्वनिमुद्रित केलेल्या एका गाण्यावरून घेतलेले. हलाखीने गांजलेल्या माणसाला स्वर्गात तरी मंदी नसेल, असा त्याचा आशय. म्हणजे एका अर्थी भजनच. विशीतल्या पोरांनी ते आपल्या धडाकेबाज गाण्यांच्या शेजारी ठेवले आणि जराही थट्टा न करता गायले.

पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मार्च १९९२ मध्ये जॉर्जियातल्या अ‍ॅथेन्स गावी, 'आर.ई.एम.'च्या पीटर बकच्या देखरेखीखाली, त्यांनी पाच दिवसांत तिसरा अल्बम केला. 'मार्च १६–२०, १९९२' हेच त्याचे नाव. इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून त्यांनी खाणकामगारांची आणि जुनी पारंपरिक गाणी गायली. कोणी वडीलधाऱ्याने दटावले म्हणून नव्हे. गोंगाटाच्या वाटेने ती आपल्या पायांनी तिथे पोचली.

१९९३ च्या 'अ‍ॅनोडाइन'नंतर (रसायनवाल्यांच्या भाषेत वेदनाशामक!) दोघा मित्रांचे बिनसले आणि मे १९९४ मध्ये सेंट लुईसला शेवटचा कार्यक्रम झाला. फरारने 'सन व्होल्ट' काढला, ट्वीडीने 'विल्को'. सात वर्षे, चार अल्बम, विक्री बेताचीच. तरीही १९९५ साली अशा संगीताला वाहिलेले नियतकालिक निघाले, त्याने 'नो डिप्रेशन' हेच नाव घेतले. कित्येक तरुण श्रोते कार्टर फॅमिलीपर्यंत पोचले ते याच वाटेने.

कोणी म्हणेल, अभंगाची गोष्ट वेगळी, तिथे पावित्र्य सांभाळायला हवे. मान्य. पण दिंडीतले टाळ-मृदंग काही हळू वाजत नाहीत. उच्चार बिघडतील ही भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय तालमीचा आहे, बंदीचा नाही. अभंग पूर्ण म्हणावा, शब्द नीट म्हणावेत आणि त्याचा अर्थ मुलांनीच आधी श्रोत्यांना सांगावा, एवढ्या अटी आपण जरूर घालू. शनिवारच्या तालमींना बसून शब्द तपासायला मी तयार आहे.

आपली मुले मराठी गाण्यांकडे पाठ फिरवतात अशी तक्रार आपण दर बैठकीत करतो. इथे ती स्वतः अभंग घेऊन दाराशी आली आणि आपण वाद्ये पाहून दार लावले. हा विषय पुढच्या बैठकीत पुन्हा घ्यावा, अशी कार्यकारिणीला विनंती. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी पुढच्या अंकात अवश्य लिहावे. पण आधी एकदा मुलांचे ऐकून यावे. मी माझा वर केलेला हात खाली घेतो आहे.