मोठा इंटरकूलर आणि मिस्त्रीचे बिल

टर्बो गाडीच्या पुढच्या बंपरमागे मोठा इंटरकूलर बसवून घेण्याची तरुणांना भारी हौस. बाहेरून मागवलेले खोके घेऊन ग्राहक मंगळवार पेठेत किंवा उद्यमनगरात येतो आणि "चाचा, संध्याकाळपर्यंत बसवून द्या" म्हणतो. या धंद्यात आपले बांधव बरेच आहेत. चालून आलेले काम कोण परत पाठवील? तरीही आमचे म्हणणे असे की, होकार देण्याआधी मिस्त्रीने तोंड उघडले पाहिजे.

टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. एक बार दाबाला तापमान सहज शंभर अंशांच्या वर जाते. तापलेली हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये जाण्याआधी ती थंड करायची, एवढेच इंटरकूलरचे काम. भर उन्हाळ्यात करूळ घाट चढताना मोठ्या कूलरचा गुण येतो, हे खरे. पण तोच रेडिएटरपुढे उभा राहून त्याचा वारा अडवतो. पाइप लांबले की टर्बोचा जोर उशिरा लागतो. एक क्लिप ढिली राहिली तर डिझेल गाडी काळा धूर ओकते. आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचे मॅपिंग जुनेच ठेवले, तर गावातल्या फिरण्यात फरक जवळजवळ जाणवत नाही. ग्राहकाला हे ठाऊक नसते, मिस्त्रीला असते. ढिगाच्या आत ओले धान्य ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषितांनी (स.) भर बाजारात हटकल्याचा प्रसंग हदीसमध्ये आहे. माहीत असून गप्प बसणे त्याहून फार वेगळे नाही.

जागेसाठी बंपरमागची धडक सोसणारी आडवी पट्टी कापायला सांगितली, तर सरळ नकार द्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, कंपनीच्या मूळ रचनेत असे फेरफार चालणार नाहीत, असे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक यांच्या या गावात शर्यतीच्या गाड्यांचे वेड आहेच. पण ट्रॅकवरची गाडी वेगळी, रस्त्यावरची वेगळी.

खरी कमाई फुटलेल्या, तेलाने माखलेल्या मूळ इंटरकूलरच्या दुरुस्तीत आहे. पितळी रेडिएटरला डाग देणाऱ्यांच्या मुलांनी ॲल्युमिनियमचे आर्गन वेल्डिंग शिकावे. हवेचा दाब देऊन गळती तपासावी, त्याचे पैसे वेगळे लावावेत आणि काय केले ते बिलावर लिहावे. अनेक बिलांवर अजून "मजुरी" एवढा एकच शब्द असतो.