अर्जातील एक चौकट

ठाण्याच्या कोलशेत भागाचा गेल्या काही वर्षांतील कायापालट कोणाच्याही नजरेत भरण्यासारखा आहे. जेथे सँडोझचा, पुढे क्लॅरियंट या नावाने चाललेला रासायनिक कारखाना होता, तेथे आज टोलेजंग गृहसंकुल उभे आहे. खाडीकाठचे गावठाण मात्र आहे तेथेच आहे. संकुलातील मुलगी आणि गावठाणातील मुलगी बारावीच्या वर्षी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा एकच अर्ज भरतात. त्या अर्जातील एका चौकटीत गट निवडावा लागतो: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित, किंवा गणिताच्या जागी जीवशास्त्र. दोघींना नियम एकच असल्याने शासनाच्या दृष्टीने समतेचा प्रश्न येथे सुटलेला असतो.

या परीक्षेला सरसकट विरोध करणे मात्र समाजवाद्यांना शोभणार नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले आणि पाठोपाठ देणग्यांचा बाजार सुरू झाला. तो इतका माजला की कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा १९८७ साली राज्याला करावा लागला. संस्थाचालकाच्या मर्जीऐवजी गुणवत्ता यादीने प्रवेश मिळणे ही त्या तुलनेने प्रगतीच होय. आक्षेप आहे तो परीक्षेच्या अलीकडे जे घडते त्यावर, म्हणजे विषय कोण निवडतो, कोणाच्या सल्ल्याने निवडतो आणि तो सल्ला कितीला मिळतो यावर.

अभियांत्रिकीसाठी गणिताचा गट लागतो हे सर्वांना ठाऊक असते. औषधनिर्माणशास्त्राचे दार दोन्ही गटांना खुले आहे, हे गावठाणातील घराला कोण सांगणार? गणिताचे पन्नास प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, तर भौतिक व रसायनाचे प्रत्येकी एकाच गुणाचे. दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे झाले. गणितात कच्ची पण जीवशास्त्रात हुशार असलेली मुलगी औषधनिर्माणशास्त्राच्या ओढीने गणिताचा गट भरून बसली, तर तिचे नुकसान तिच्या बुद्धीमुळे नव्हे, अज्ञानामुळे होते. दोन्ही गटांची परीक्षा देता येते. परंतु दुहेरी तयारीचा खर्च ज्याला झेपतो त्याच्यासाठीच ती सोय. संकुलातील घर हे सारे शिकवणीवर्गाच्या समुपदेशकाकडून विकत घेते. जी माहिती सार्वजनिक असावयास हवी तिला अशी किंमत येते, आणि त्या व्यापाराकडे शिक्षण खाते निर्विकारपणे पाहते.

भाषेचा प्रश्न याहून उघड आहे. या परीक्षेत भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र गेली अनेक वर्षे केवळ इंग्रजीत निघत आली आहे. शास्त्र शाखा इंग्रजीतच शिकवली जाते, असे उत्तर यावर दिले जाते. तसे असेल तर रसायनशास्त्राचे भाषांतर तरी कशासाठी? जे रसायनाला साधले ते गणिताला का साधू नये, याचा खुलासा होत नाही. निम्मे गुण ज्या विषयाला आहेत नेमका तोच मराठीत नाही.

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ साली सुरू झालेल्या सीयूईटीने तर विषयनिवड हेच एक शास्त्र करून टाकले. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला नऊ विषयांपर्यंत मुभा होती. २०२३ साली दहा, २०२४ साली सहा, २०२५ साली पाच. दरवर्षी नियम बदलत असता मागील वर्षीच्या विद्यार्थ्याचा अनुभव पुढच्याला काय कामाचा? २०२५ साली खुल्या वर्गाला तीन विषयांपर्यंत हजार रुपये आणि पुढील प्रत्येक विषयाला चारशे रुपये शुल्क होते, म्हणजे सावधगिरीलाही दर लावलेला. परीक्षा घेणारी संस्था म्हणते, बारावीत नसलेला विषयही निवडा. दिल्ली विद्यापीठ म्हणते, बारावीत अभ्यासलेलेच विषय ग्राह्य. त्याच विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी गणिताची चाचणी अनिवार्य आहे. आपल्याकडे वाणिज्य शाखेची असंख्य मुले अकरावीतच गणित सोडून 'चिटणिसाची कार्यपद्धती' घेतात. अर्थशास्त्राचे ते दार सोळाव्या वर्षीच बंद झाले, हे त्यांना दोन वर्षांनी कळते. ज्यांचे गणित टिकून आहे त्यांनाही परीक्षा एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमावर द्यावी लागते. राज्य मंडळाच्या बारावीच्या अर्थशास्त्रात निर्देशांक आणि विदेशी व्यापार यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तिकडे १९४७ ते १९९० मधील विकासाचा अनुभव व शेजारी देशांशी तुलना विचारली जाते. अर्थशास्त्र एकच, पण राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने ते दोनदा शिकावयाचे!

सूचना न देता परीक्षा लादल्याने काय होते हे २०२४ साली महाराष्ट्राने पाहिले. बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि राज्याने त्यांना प्रवेश परीक्षा लावली. जागा लाखाच्या वर असता मे महिन्यातील पहिल्या परीक्षेला त्याच्या निम्मेही विद्यार्थी आले नाहीत. ऑगस्टमध्ये दुसरी घ्यावी लागली. दरम्यान कित्येक महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून परीक्षेतून सुटका करून घेतली. चतुराई संस्थांची, आणि हेलपाटे विद्यार्थ्यांचे.

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता गट व कोणते विषय लागतात याचे मराठी पत्रक अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती पडले पाहिजे. गणिताची प्रश्नपत्रिका मराठीत निघाली पाहिजे. अर्जाची मुदत संपल्यावरही गट बदलण्याची एक संधी विनाशुल्क मिळाली पाहिजे. कोलशेतला लागूनच बाळकुम येथे मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तेथे अर्जांच्या काळात एक मोफत मार्गदर्शन खिडकी उघडावी, ही मागणी ठाण्याच्या कार्यकर्त्यांनी कुलगुरूंकडे लेखी करावी.

शासन हलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. राज्याचे अर्ज डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघतात. त्यापूर्वीचे दोन रविवार कोलशेत, कळवा, डोंबिवली येथील शाखांनी राखून ठेवावेत. माहितीपुस्तिका आधी स्वतः वाचावी, एखाद्या निवृत्त शिक्षकाला सोबत घ्यावे आणि गावठाणातील समाजमंदिरात किंवा चाळीच्या अंगणात टेबल मांडून बसावे. बारावीच्या मुलांबरोबर दहावीच्या मुलांच्या पालकांनाही बोलवावे, कारण गणित ठेवायचे की सोडायचे हा निर्णय त्यांच्या घरी येत्या जून महिन्यातच व्हावयाचा आहे.