चित्राला नंबर देऊ नका!

मागच्या वर्षीच्या महिला दिनाची गोष्ट. आठ मार्चला काय करायचं, हा प्रश्न आमच्या महिला मंडळाला दरवर्षी पडतो. पाककृती स्पर्धा झाली, उखाणे झाले, हिमोग्लोबिनची तपासणीही झाली. या वेळी काहीतरी नवीन हवं, असं सगळ्याजणींचं म्हणणं पडलं. कुणीतरी मोबाइलवर आलेली जाहिरात दाखवली : 'आर्ट थेरपी वर्कशॉप. रंगांतून ताणमुक्ती, फक्त दोन तासांत.' शहरातून बाई येणार, माणशी तीनशे रुपये, कागद-खडू त्यांचेच. मी मंडळाची सचिव. मीच फोन करून तारीख ठरवली. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे त्यात दुसऱ्या कुणाला नावं ठेवण्याआधी मी स्वतःचाच कान पकडते.

चाळीसेक जणी जमल्या. बाईंनी सांगितलं, 'आपलं घर काढा.' मग काय, शाळेत काढायचो तेच चित्र! कौलारू घर, तुळस आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य. माझ्या शेजारी आमच्याच गल्लीतल्या एक वहिनी बसल्या होत्या. त्यांनी घर काढलं आणि दार काळ्या खडूनं भरायला घेतलं. भरता भरता कागद चकचकीत झाला, एका ठिकाणी फाटला, तरी हात थांबेना. बाई फिरत फिरत आल्या. त्यांनी कागद उचलून सगळ्यांना दाखवला आणि हसत म्हणाल्या, 'असं निगेटिव्ह काढायचं नाही हं! काळा रंग म्हणजे डिप्रेशन. दाराला छान पिवळा द्या.' सगळ्या हसल्या. मीही हसले. शेवटी पहिले तीन नंबर काढले, बक्षिसं माझ्या हस्ते दिली, फोटो ग्रुपवर पडले. वहिनींनी कागदाची चौघडी करून पर्समध्ये टाकली आणि चहा न घेताच त्या निघून गेल्या.

आठ-दहा दिवसांनी आम्ही दोघी ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. मध्येच त्या म्हणाल्या, 'ताई, ते दार काळं नव्हतं हो. बंद होतं.'

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. सगळं जागेवर. किराणा आणि औषधं आणण्यापलीकडे वहिनी उंबरा ओलांडत नाहीत. रात्रीची झोप नाही, जेवण जात नाही. 'कधी कधी तर वाटतं, ताई...' असं म्हणून त्या थांबल्या. माझ्या काळजात धस्स झालं. जे त्यांना वर्षानुवर्षं कुणाला सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी दोन तासांत कागदावर सांगून टाकलं होतं. आणि आम्ही चाळीस जणींनी ते हसण्यावारी नेलं!

(हे सगळं त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या परवानगीनंच लिहिते आहे.)

मैत्रिणींनो, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जाईना. आर्ट थेरपी, म्हणजे आपल्या भाषेत कलोपचार, हे नक्की असतं तरी काय? आणि आम्ही केलं ते काय होतं?

आजारपणात सापडलेली वाट

'आर्ट थेरपी' हा शब्द रूढ केला एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं, १९४२ मध्ये. त्याआधी क्षयानं आजारी पडून तो सॅनिटोरियममध्ये राहिला होता. तेव्हा क्षयाला नेमकं औषध नव्हतं. नुसतं पडून राहायचं. हिल पडल्या पडल्या चित्रं काढू लागला, मग शेजारच्या खाटांवरच्या रुग्णांनाही कागद-पेन्सिल देऊ लागला. आजार आणि एकटेपणा माणसाला आतून पोखरतात, तेव्हा हाताला काहीतरी घडवायला मिळालं तर मन सावरतं, हे त्यानं स्वतःवर अनुभवलं होतं.

दुसरी गोष्ट वाचताना तर डोळ्यांत पाणी येतं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही व्हिएन्नाची ज्यू चित्रकार. १९४२च्या डिसेंबरमध्ये नाझींनी तिला तेरेझीनच्या छावणीत पाठवलं. तिथल्या भुकेल्या, घाबरलेल्या मुलांना ती गुपचूप चित्रकला शिकवायची. मिळेल त्या कागदावर मुलं चित्रं काढायची. १९४४च्या ऑक्टोबरमध्ये तिला आउशवित्झला नेऊन मारण्यात आलं. जाण्याआधी तिनं मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. ती वाचली आणि आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. चित्रं काढणारी बहुतेक मुलं मात्र वाचली नाहीत.

फ्रीडलची एक विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८ मध्ये अमेरिकेला निघून गेली होती. पुढे तिनं न्यूयॉर्कमध्ये मनानं दुखावलेल्या मुलांबरोबर हेच काम केलं. अमेरिकेत या शाखेचा पाया घालणाऱ्यांत तिचं नाव घेतात. तिचं म्हणणं, घडवण्याच्या क्रियेतच बरं करण्याची ताकद असते. त्याच काळातल्या मार्गारेट नॉमबर्गचा भर मात्र काढलेल्या चित्राविषयी बोलण्यावर होता. आज चांगले थेरपिस्ट दोन्हींचा मेळ घालतात.

खोलीत काय घडतं?

खऱ्या कलोपचाराच्या खोलीत खडू असतात, रंग असतात, शाडू असतो, जुन्या मासिकांचे कागद आणि कात्री असते. चित्र चांगलं येण्याची अट नसते. 'मला कुठं चित्रकला येते?' हा आपला नेहमीचा प्रश्न तिथं गैरलागू असतो. तुम्ही काहीतरी करता आणि थेरपिस्ट शेजारी असतो. नंतर तो एवढंच विचारतो, 'याच्याविषयी सांगाल?' काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असली कोष्टकं तो लावत नाही. काळ्या रंगाचा अर्थ काढणाऱ्यालाच ठाऊक असतो. आमच्या वहिनींचा काळा म्हणजे कुलूप होतं. दुसऱ्या एखादीचा काळा विठोबाचा असेल!

आपल्या पुष्कळ जणींना भावनेचं नावच माहीत नसतं. आपण म्हणतो 'डोकं दुखतंय', 'अंगात त्राण नाही', 'छातीत भरून येतं'. राग आलाय की भीती वाटतेय की नुसतं थकलोय, हे आपलं आपल्यालाच कळत नाही. कळलं तरी 'सासूचा कंटाळा आलाय' हे वाक्य कुठली सून तोंडानं उच्चारेल? कागद मात्र कुणाला जाऊन सांगत नाही. आधी ते समोर कागदावर दिसतं, मग त्याला नाव सापडतं आणि नाव सापडलं की मदत मागता येते. कलोपचाराचं मर्म मला तरी हेच वाटलं.

आपल्याकडे हे अगदीच नवीन आहे का? गोधडी शिवताना बायका काय काय बोलतात, आठवून बघा. हात टाक्यात गुंतलेले, नजर खाली, समोरच्याकडे बघायचीही सक्ती नाही. अशा वेळी तोंड आपोआप उघडतं. जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात माहेर आहे, मुलं आहेत, तसा मार आणि जाचही आहे. मनाचा निचरा व्हायला वाट होती. आता जातं गेलं, गोधडी विकत मिळते, दुपारी सोबतीला मोबाइल. पण हेही खरं, की ओवीनं रडू बाहेर पडलं तरी मार थांबला नाही. मन मोकळं होणं आणि उपचार मिळणं यात फरक आहे, तो असा.

गुण किती, मर्यादा किती?

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ३९ जणांनी ४५ मिनिटं रंग, माती, कागद घेऊन हवं ते केलं. त्याआधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालेलं आढळलं. चित्रकलेचा पूर्वानुभव असो वा नसो, त्यानं फारसा फरक पडला नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं नऊशेहून अधिक प्रकाशनांचा आढावा घेतला. कला आजार टाळायला आणि उपचारांना पूरक म्हणून उपयोगी पडते, असा त्याचा सूर होता.

पण नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ जणांवर मोठी चाचणी झाली. २०१२ मध्ये तिचा निष्कर्ष आला, की नेहमीच्या उपचारांना गटातल्या कलोपचाराची जोड दिली तरी लक्षणांत म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा रंगांनी सगळं बरं होतं, असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. गोळ्या बंद करा आणि रंग हाती घ्या, असं म्हणणारा तर धोकादायकच!

बंद दारांचा हिशेब

'एवढं काय त्यात, बायकांचा दोन तास विरंगुळा झाला!' असं कुणी म्हणेल. म्हणून एक आकडा सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२१ मध्ये देशात ४५ हजारांहून अधिक स्त्रियांनी आत्महत्या केली. त्यातल्या २३ हजारांहून अधिक गृहिणी होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्यांच्याविषयी आपण 'घरीच तर असते, तिला कसला ताण?' असं म्हणतो, त्या!

उपचारांचं काय? बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता. वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के असल्याचं त्यात दिसलं. ही जी मोठी पोकळी आहे ना, तिथेच दोन तासांत ताणमुक्तीची दुकानं उघडतात.

कायदे आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नं प्रत्येकाला सरकारी खर्चानं चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात कला आणि नृत्य थेरपिस्टचाही उल्लेख आहे. ब्रिटनमध्ये तर नोंदणी असल्याशिवाय स्वतःला 'आर्ट थेरपिस्ट' म्हणवून घेता येत नाही. आपण मात्र गवंड्याला आधीचं काम दाखव म्हणतो आणि मन ज्याच्या हाती द्यायचं त्याला काही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

जाण्याआधी एवढं विचारा

शिक्षण कशात झालंय? मानसशास्त्राचं की नुसतं चित्रकलेचं? चित्रकलेचा वर्ग वाईट नाही, मीही आनंदानं जाईन, पण त्याला थेरपी म्हणू नये.

चित्रं कुणाला दाखवणार? फोटो ग्रुपवर टाकणार असतील तर सरळ नाही म्हणा.

कुणाला अचानक रडू कोसळलं, नको ते आठवलं, तर काय कराल? यावर ज्याच्याकडे उत्तर नाही, त्यानं कुणाच्या मनाचं झाकण उघडू नये.

पुढे उपचारांची गरज पडली तर कुठे पाठवाल?

आणि शेवटचं. बक्षीस आहे का? असेल, तर ती स्पर्धा आहे. रांगोळी स्पर्धेसारखीच एक.

आमच्या वहिनींना घेऊन मी जिल्हा रुग्णालयात गेले. त्याआधी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर आम्ही दोघींनी मिळून फोन केला होता. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. रुग्णालयात वहिनींना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिथल्या समुपदेशक बाईंना वहिनींनी पर्समधला तो कागद काढून दाखवला. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, 'या दाराच्या आत कोण कोण आहे?' वहिनी अर्धा तास बोलत होत्या.

जादू काही झालेली नाही. सासूबाई अजून अंथरुणावरच आहेत. पण समुपदेशक बाईंनी वहिनींच्या यजमानांनाही बोलावून घेतलं आणि आता आठवड्यातून दोन दिवस नणंद येऊन आईजवळ थांबते. वहिनींना थोडी झोप लागते. गोळ्या चालू आहेत.

आमच्या मंडळानं यंदाच्या आठ मार्चला पुन्हा कागद-खडू आणले. थेरपीचा बोर्ड लावला नाही, नंबर काढले नाहीत, फोटो काढले नाहीत. फळ्यावर तेवढा १४४१६ लिहून ठेवला होता. तीन-चार जणींनी तो हळूच मोबाइलमध्ये उतरवून घेतला. मी पाहिलं, पण कुणाला काही विचारलं नाही.

तुमच्या शेजारी बसलेल्या एखादीनं उद्या काळं दार काढलं, तर तिला पिवळा खडू देऊ नका. 'सांगतेस?' एवढंच विचारा. नसेल सांगायचं तर नुसत्या शेजारी बसून राहा. आणि तिचं वाक्य मध्येच तुटलं, 'कधी कधी वाटतं...' असं म्हणून ती थांबली, तर मात्र तिला एकटीला घरी जाऊ देऊ नका. तिच्याबरोबर उठा आणि दवाखान्यापर्यंत जा.