‘ठीक आहे, साहेब’

दापोलीला जुनी माणसे आजही ‘काँप दापोली’ म्हणतात. इंग्रजी अमदानीत पेन्शनर शिपाई तिथे वसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर काही काळ तिथेच राहिले. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६चे. सैनिक आणि मनोरुग्णालय, दोन्ही रत्नागिरी जिल्ह्याला नवे नाहीत. उपचारानंतर माजी सैनिक खरोखर सुधारला का, हे मोजण्याची सवय मात्र अजून लागायची आहे.

नोंदवहीत खेपा आणि गोळ्या मोजता येतात. डॉक्टरांनी विचारले की फौजी ‘ठीक आहे, साहेब’ म्हणतो. अंगवळणी पडलेली शिस्तच ती. घरी तोच रात्री तीनला ओटीवर जागा बसलेला असतो. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ प्रश्नावली आहे, गुण ० ते २७. आघातोत्तर ताणासाठी वीस प्रश्नांची ‘पीसीएल-५’. दर खेपेला तीच प्रश्नावली भरली, तर औषध बदलायचे की समुपदेशन वाढवायचे, हे वेळेत कळते. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने २०१६पासून हा मार्ग धरला.

आपल्याकडे माजी सैनिकांची आरोग्य योजना ‘ईसीएचएस’ २००३पासून आहे, पुण्याच्या ‘एएफएमसी’ या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात टेलि-मानस या दूरध्वनी समुपदेशन सेवेचा सैनिकी कक्ष २०२३पासून. मोजणी तिथे जोडावी. प्रश्न साध्या मराठीत असावेत, आणि रुग्णाची हरकत नसेल तर घरच्यांनाही दोन विचारावेत. अट एकच: गुणांचा कागद पेन्शनच्या फाइलला लागता कामा नये. लागला, की पुन्हा सगळे ‘ठीक आहे, साहेब’.