टॉकीज गेल्या, मग गाववाल्याने बसायचे कुठे?

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडची एस. टी. मुंबई सेंट्रलच्या डेपोत येते आणि डेपोपासून हाकेच्या अंतरावर मराठा मंदिर उभे आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये तिथे 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' लागला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याचे एक हजार आठवडे पूर्ण झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो उतरवायचे ठरले, तेव्हा लोकांनी इतकी ओरड केली की पुन्हा चढवावा लागला. वर्तमानपत्रांनी या विक्रमाचे श्रेय शाहरुख-काजोलच्या प्रेमाला दिले. मला ते अर्धेच पटते. त्या खेळाला बसणाऱ्यांत गाडीची वाट पाहणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे. सकाळी उतरलेला माणूस, ज्याचे काम दुपारनंतर आहे. संध्याकाळच्या गाडीने गावी जाणारा, ज्याच्याकडे पिशव्या आहेत आणि टेकायला जागा नाही. थोड्या पैशांत तीन तास पंखा, खुर्ची, स्वच्छतागृह आणि वर एक पिक्चर. या शहरात एवढा किफायतशीर सौदा दुसरा कुठे होता?

जुन्या टॉकीजबद्दल हल्ली बरेच लिहिले जाते. आर्ट डेको इमारती, कमानी, झुंबरे, जुन्या तिकिटांचे फोटो. ते सुंदर आहे, पण त्यातून एक गोष्ट निसटते. टॉकीज ही आमच्यासारख्यांची बैठकीची खोली होती. कारण आमच्या घरात बैठकीची खोली नव्हती.

रायगडच्या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान मुंबईत आला तो बोटीने. भाऊच्या धक्क्यावर उतरायचा आणि डोंगरी, माझगाव, भेंडी बाजारच्या बाजूला गावच्या जमातीच्या खोलीत वळकटी टाकायचा. कोणी जहाजावर खलाशी, कोणी गोदीत, कोणी खानावळीत. एका खोलीत पंधरा-वीस ट्रंका. झोपायचे पाळीने. रात्रपाळीवाला सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याची जागा त्याची. जहाजावरून उतरलेला खलाशी पुढच्या बोलावण्याची वाट पाहत महिनोन्‌महिने बसून असायचा. असा माणूस दिवसभर खोलीत राहू शकत नाही, चहाच्या टेबलावर तरी किती वेळ काढणार? तो पिक्चरला जायचा. तोच पिक्चर चार वेळा पाहायचा आणि गावी आल्यावर पाचव्यांदा तोंडी सांगायचा. आमच्या गावातल्या कित्येकांनी दिलीपकुमार आधी ऐकला आणि पुष्कळ वर्षांनी पाहिला.

त्यांचे ठिकाण म्हणजे पिला हाऊस. हा शब्द 'प्ले हाऊस'चा आहे. पारशी नाटके, तमाशाचे फड आणि मग सिनेमा, असा त्या भागाचा प्रवास. त्या रस्त्याला आज पठ्ठे बापूरावांचे नाव आहे. आल्फ्रेड, गुलशन, न्यू रोशन, रॉयल, निशात ही नावे आमच्या वडीलधाऱ्यांना एस. टी.च्या थांब्यांसारखी ओळीने पाठ असायची. जो तिकीट काढील तो बसे. बाजूला यूपीचा हातगाडीवाला असे, घाटावरचा माथाडी असे, तेलुगू बिगारी असे. दर वेगळे होते, स्टॉलवाला बाल्कनीत जात नव्हता, हे खरे. पण खुर्चीवर बसण्याआधी आडनाव सांगावे लागत नव्हते. आज मुंबईत भाड्याचे घर शोधणाऱ्या मुसलमान मुलाला विचारा, आडनाव न सांगता काय काय मिळते.

यात आठवणींचा गोडवा फार मिसळायला मी तयार नाही. नंतरच्या काळात या टॉकीजची दशा वाईट झाली. फाटक्या खुर्च्या, ढेकूण, तिसऱ्या दर्जाचे पिक्चर, आणि बाईमाणसाने पाऊल टाकावे असे वातावरण नाही. जी जागा निम्म्या वस्तीला बंद झाली तिला सर्वांची जागा म्हणणे जड जाते. एके काळी असे नव्हते. 'चौदहवीं का चाँद', 'मेरे महबूब', १९७२ चा 'पाकीज़ा' हे पिक्चर बुरखेवाल्या बायकांनी थिएटरात जाऊन पाहिले, खाला-फुफींनी मिळून पाहिले. काही ठिकाणी जनाना शो लागत. घरात सिनेमाला उघड परवानगी कधीच नव्हती, आणि बंदीही अशी नव्हती की मोडता येऊ नये. वडील मंडळी न पाहिल्यासारखे करायची.

बायकांना थिएटरातून घरी नेले व्हिडिओने, आणि तो व्हिडिओ आमच्याच लोकांनी आणला. आखातात गेलेला मुलगा सुट्टीवर येताना टू-इन-वन, मग व्ही. सी. आर. घेऊन यायचा. ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावरच्या गावांत ज्या घरात व्ही. सी. आर. त्या घराच्या अंगणात अर्धा मोहल्ला जमायचा. घरच्या पडवीत, पडद्याआड, चहा पीत पिक्चर पाहता येत असेल तर ग्रँट रोडला कोण जाणार? टॉकीजचा खून मल्टिप्लेक्सने केला असे म्हणणाऱ्यांनी दुबईच्या पेटाऱ्यांचाही हिशेब धरावा.

या धंद्यात आपला वाटा केवळ तिकीट काढण्यापुरता नव्हता, हेही नव्या पिढीला ठाऊक नसते. अब्दुलअली युसुफअली नावाचे बोहरा गृहस्थ तंबूत सिनेमा दाखवत आग्नेय आशिया आणि मग हिंदुस्थान फिरले. १९१४ मध्ये मुंबईत स्थिरावून त्यांनी अर्देशीर इराणींच्या भागीदारीत अलेक्झांड्रा थिएटर घेतले, १९१८ मध्ये गिरगावचे मॅजेस्टिक. याच मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' लागला आणि हिंदुस्थानी सिनेमा बोलू लागला. नायक कोल्हापूरकडचे मास्टर विठ्ठल. त्यांच्या जुन्या कंपनीने करारावरून कोर्टात खेचले तेव्हा त्यांची बाजू मांडली बॅरिस्टर जिनांनी! नायिका जुबेदा, पहिल्या स्त्री दिग्दर्शक फातमा बेगम यांची मुलगी. सचीनच्या नवाबांची मुलगी म्हणून ती ओळखली जाई, आणि सचीनचे नवाब म्हणजे आपल्या मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याची शाखा. पुढे मरीन लाइन्सला हबीब हुसेन यांनी थिएटर बांधायला घेतले ते १९४७ साली, म्हणून नाव ठेवले लिबर्टी. १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने ते सुरू झाले. जिथे मोठी थिएटरे इंग्रजी पिक्चरसाठी राखलेली होती, त्या भागात हिंदी पिक्चरला त्याने मानाची जागा दिली. फाळणीच्या दिवसांत एक मुसलमान व्यापारी मुंबईत पैसा ओततो आणि त्याला स्वातंत्र्याचे नाव देतो, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हरकत नव्हती.

मालकांना दोष देणे सोपे आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षे चौथाई ठेवला. नाक्यावरचा टॉकीजवाला मात्र ४५ टक्के भरत राहिला. मग फिल्मची रिळे गेली, डिजिटल प्रोजेक्टर आले, त्याचा खर्च आला. मार्च २०२० मध्ये कुलपे लागली ती मधल्या काही महिन्यांचा अपवाद सोडला तर ऑक्टोबर २०२१ पर्यंत राहिली. हजार खुर्च्यांच्या थिएटरात पन्नास माणसे बसतात आणि खालच्या जमिनीचा भाव कोटींत बोलला जातो. अशा वेळी मालकाने भावनेवर चालावे ही अपेक्षा मला प्रामाणिक वाटत नाही. दादरचे चित्रा मे २०१९ मध्ये बंद झाले तेव्हा ज्यांनी हळहळ व्यक्त केली, त्यांतल्या कितीजणांनी त्या वर्षी तिथे तिकीट काढले होते?

तरी सिंगल स्क्रीनचा प्रेक्षक संपला हे मला मान्य नाही. रमजानचा महिना या धंद्याला कोरडा जातो. म्हणूनच निर्माते मोठा पिक्चर ईदवर ठेवतात. 'वाँटेड' २००९, 'दबंग' २०१०, 'बॉडीगार्ड' २०११. सलमानची ईद ज्यांनी घडवली ती गर्दी मॉलमधली नव्हती. नवे कपडे, अत्तर, खिशात ईदी आणि पहिल्या खेळाला शिट्ट्या. वांद्र्याच्या गेईटी-गॅलेक्सीवर आणि मराठा मंदिरवर ती गर्दी साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्यातल्या पोराला आता मॉलच्या दारात आधी सुरक्षारक्षकाची नजर पार करावी लागते. ती नजर काय विचारते हे आमच्या मुलांना सांगावे लागत नाही. आत गेल्यावर तिकिटाइतक्याच किमतीचे पॉपकॉर्न. चार भावंडे गेली की ईदी संपली.

अलेक्झांड्राचे काय झाले, ते सांगितले पाहिजे. नागपाड्याची ही टॉकीज इंग्रजी पिक्चरच्या नावांची झणझणीत हिंदी भाषांतरे दारावर लावण्यासाठी प्रसिद्ध होती. ती विकली गेली आणि आज तिथे नमाज होते, दीनी तालीम चालते. मित्रांत यावर वाद होतो. एक म्हणतो गुनाहची जागा पाक झाली, दुसरा म्हणतो मोहल्ल्याची खिडकी बंद झाली. मला दोघांचेही पूर्ण पटत नाही. ती वास्तू आजही वस्तीच्या उपयोगाची आहे, माणसे आत-बाहेर करतात, हे टॉवर उभा राहण्यापेक्षा कितीतरी चांगले. पण मशिदी आपल्याकडे आधीही होत्या. शेजारच्या वस्तीतला माणूस येऊन आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसेल अशी जागा मात्र एक कमी झाली. ही वजाबाकी दीनदार माणसालाही करता यावी.

मुंबईत थिएटर पाडून नवे बांधताना जुन्याच्या एक तृतीयांश खुर्च्यांचे थिएटर ठेवण्याची अट आहे. ती काढून टाका, अशी मालकांची जुनी मागणी आहे. माझे म्हणणे असे की अट काढू नये, तिला अर्थ द्यावा. हजाराच्या जागी तीनशे खुर्च्या चालतील, दीडशेही चालतील. मालमत्ता करात आणि विजेच्या दरात त्या थिएटरापुरती सूट द्या, वाटल्यास वरच्या मजल्यांवर जादा बांधकाम द्या. मोबदल्यात लिहून घ्या की दररोज दुपारचा एक खेळ स्वस्त तिकिटाचा असेल, आणि त्याला येणाऱ्याच्या पिशवीसाठी काउंटरवर जागा असेल. आज अटीखाली बांधलेले थिएटरही मॉलच्या चौथ्या मजल्यावर जाते आणि तिकीट मॉलच्या भावाचे होते. कागदावर खुर्च्या वाचतात, बसणारा बदलतो.

आपल्या जमातींच्या संस्थांनाही एक विचारायचे आहे. मुंबईत गावोगावच्या जमातींच्या खोल्या अजून आहेत. त्यांतल्या काही इमारती पुनर्विकासात जात आहेत, बिल्डरशी बोलणी चालू आहेत. बोलण्यांत शादीखाना मागितला जातो, पार्किंग मागितले जाते. शंभर माणसे बसतील असा, पडदा आणि प्रोजेक्टर असलेला, बायकांनाही येता येईल असा एक हॉल कोणी मागितल्याचे मी अजून ऐकलेले नाही. गावाहून आलेला पोरगा त्या खोलीत आजही ट्रंकेला टेकून बसतो आणि कानात बोळे घालून मोबाइलवर एकटाच पिक्चर पाहतो. शेजारचा दुसरा पोरगा तोच पिक्चर त्याच्या मोबाइलवर पाहत असतो.