दप्तराखाली वाकलेला कणा

सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास शहरातील कोणत्याही शाळेच्या फाटकाशी क्षणभर उभे राहावे. रिक्षांतून उतरणारी सात-आठ वर्षांची मुले कमरेत वाकून, मान पुढे काढून चालताना दिसतात. फाटकापर्यंत दप्तर आजोबांच्या खांद्यावर असते. तिसऱ्या मजल्यावरील वर्गापर्यंत ते त्या बालकालाच वाहावे लागते. ज्या देशाने सूर्यनमस्कार जगाला दिला, ज्या महाराष्ट्रात समर्थांनी बलोपासनेसाठी मारुतीची मंदिरे स्थापिली, तेथे कोवळा कणा पुस्तकांच्या भाराने वाकावा, हा केवढा दैवदुर्विलास!

हा प्रश्न नवा नाही. ख्यातनाम लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत याच विषयावर भाषण केले. प्रा. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात, दप्तराच्या वजनाहून न समजता पाठ करण्याचे ओझे अधिक घातक आहे, असे बजावले. अहवालाचे कौतुक झाले आणि तो कपाटात गेला. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये काढला. केंद्राच्या २०२० च्या धोरणानेही तीच मर्यादा सांगितली. शाळेत वजनकाटा ठेवण्याची सूचनाही केली. तो काटा किती पालकांनी पाहिला आहे?

हिशेब साधा आहे. वीस किलोच्या मुलाने फार तर दोन किलो वाहावे. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटलीच एक किलोहून जड! डबा आणि रिकामे दप्तर धरले की पुस्तकांसाठी उरते काय? पाठीवर भार वाढला की तोल सावरण्यासाठी धड पुढे झुकते, मान ताणली जाते. पट्टा एकाच खांद्यावर अडकवला तर शरीर एका बाजूस कलते. भाराखाली तळपायाची कमान दबते, पाऊल पसरते. त्यात ‘वर्षभर पुरावेत’ म्हणून घेतलेले एक माप मोठे बूट! पाय दुखतात असे मूल सांगते, तेव्हा ‘फार उड्या मारल्यास’ म्हणून त्याची बोळवण होते.

शासनाला दोष देणे सोपे आहे. पण २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पाने घालण्यात आली, तेव्हा काय घडले? वेगळ्या वह्या दप्तरात राहिल्याच, आणि २०२५ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. खासगी प्रकाशनांची जाडजूड पुस्तके, प्रत्येक विषयाच्या दोन-दोन वह्या, शाळेनंतर शिकवणीचे आणखी एक दप्तर, या साऱ्यालाच ‘चांगली शाळा’ समजणारा पालक याच मध्यमवर्गातला आहे. मेकॉलेने १८३५ मध्ये आखलेल्या शिक्षणावर सभांतून टीका करायची आणि घरी मात्र मुलाचे मैदान बंद करून त्याला घोकंपट्टीस बसवायचे, ही विसंगती किती काळ चालणार?

राष्ट्र बलशाली व्हावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी प्रारंभ घरातूनच करावा. आज रात्री दप्तर काट्यावर ठेवावे, उद्याच्या वेळापत्रकात नसलेले बाहेर काढावे, बूट पायाच्या मापाचे आहेत का ते पाहावे. पालक-शिक्षक संघाच्या सभेत गुणांविषयी विचारण्यापूर्वी वजनकाटा, पिण्याचे पाणी आणि पुस्तके ठेवण्याची कपाटे यांविषयी विचारावे. संध्याकाळचा एक तास मैदानासाठी राखून ठेवावा. बालवयात वाकायची सवय लागलेली पाठ पुढे ताठ उभी राहील, या भ्रमात कोणी राहू नये.