मामाचा ट्रक आणि टर्बोचं भूत

सॉफ्टवेअरवाल्याला नातेवाइकांकडे दोनच प्रश्न हमखास विचारले जातात. एक, "प्रिंटर काहून चालत नाही?" आणि दोन, "तू इंजिनियर आहेस ना, मंग हे सांग." गेल्या महिन्यात दुसरा आला. तोही थेट मामाकडून.

तर झालं असं की, मामाकडे 1994 सालचा टाटा 1210 आहे. काटोलकडच्या बागेतून कळमन्याच्या मार्केटात संत्री आणणं हे त्याचं काम. चढ आला की धूर सोडतो, दम तोडतो. वाडीच्या एका मिस्त्रीने मामेभावाला सांगितलं, भंगारातला टर्बो आणा, अंगणातच बसवून देतो. "हवा देल्ली की गाडी पळते, भाऊ!" आता मामाला माझं मत हवं होतं.

मंडळी, मिस्त्री काही चुकीचं बोलला नव्हता. डिझेल इंजिनाची ताकद शेवटी हवेवर अडते. डिझेल कितीही ओतता येतं, पण ते जळायला हवा लागते. उरलेलं डिझेल म्हणजेच काळा धूर. स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी याने 1905 साली पेटंट घेतलं ते याच कल्पनेचं. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम वायूने चाक फिरवा, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबा. सुंदर कल्पना आहे, मान्य.

पण आपल्या नागपूरच्या मे महिन्यात एक हिशेब मांडून बघा. बाहेर 45 अंश. टर्बोने दीडपट दाब दिला तर कागदावर हवा दीडपट. मात्र दाबली की हवा तापते. टर्बो 70 टक्के कार्यक्षम धरला तर ती जवळजवळ 100 अंशांवर जाते, आणि गरम हवा विरळ असते. म्हणजे पन्नास टक्के जादा हवेचे हातात पंचवीस-सत्तावीस टक्केच उरतात. म्हणून पुढे इंटरकूलर हवा. मग त्याचे पाइप, त्याला जागा. डिपेंडन्सी म्हणतात ती हीच!

आणि यादी तिथे संपत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, त्याला स्वच्छ तेलाची वेगळी लाइन लागते. कंपनी स्वतः टर्बोचं इंजिन काढते तेव्हा पिस्टन, कॉम्प्रेशन, हेड गॅस्केट, तेलाचं कूलिंग, सगळंच नव्याने ठरवते. जुन्या कोडवर एक नवं मॉड्यूल चिकटवून रिलीज करत नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. थोडासाच दाब दिला आणि पंपाला हात लावला नाही, तर धूर कमी होतो, सायलेन्सरकडचं तापमानही उतरतं. मग अडचण काय? अडचण माणसाची आहे हो! आजवर असा कोण भेटलाय जो टर्बो बसवून तिथेच थांबला? पहिल्याच आठवड्यात मायको पंपाचा स्क्रू फिरतो. डिझेल वाढतं, जोर येतो, चालक खूश. मग एक दिवस चढावर पिस्टन वितळतो. आम्ही नवीन सर्व्हर घेतला की लगेच त्यावर चार फीचर टाकतो, तसंच. शिवाय ताकद वाढली तरी ब्रेक 1994 चेच. संत्र्यांनी भरलेला ट्रक उतारावर थांबवायला टर्बो येत नाही.

कायदा राहिलाच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघातानंतर विम्यावाला हाच कागद आधी उघडणार, आणि मामाचं घर त्या एका ट्रकवर चालतं.

माझं मत सरळ आहे. चालत्या घरसंसाराच्या गाडीवर हा प्रयोग करू नये. हौसच असेल तर भंगारातलं इंजिन आणा, स्टँडवर चढवा, मोजमापाची घड्याळं लावा आणि खुशाल फोडा. शिकायला मिळेल, कोणाचं पोट जाणार नाही.

मामाला म्हटलं, आधी आहे ते नीट मोजू. एअर फिल्टर काढला, तर त्यातून अख्ख्या विदर्भाची माती निघाली! दोन नोझल फवारा मारण्याऐवजी टपकत होते. पंप टेस्ट-बेंचवर लावला, टॅपेट सेट केले. काम त्याच वाडीच्या मिस्त्रीने केलं, आणि उत्तम केलं.

परवा मामाचा फोन. "काटोलहून भरून आणला, धूर निम्मा झाला रे." थोडं थांबून म्हणाला, "पण टर्बो असता तं मजा आली असती ना जी?"

असो. प्रिंटर बघायला जायचंय.